मुलीच्या अमेरिकन विद्यापीठाच्या अर्जात खोटी माहिती भरल्याबद्दल तक्रार व शुल्क परत मिळण्याबाबत

दि. ९ जानेवारी २०२६
नाशिक

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
(परदेशी शिक्षण सल्लागार कंपनी, पुणे कार्यालय)

विषय : ‘प्रोफाइल बिल्डिंग’ पॅकेजमधील सेवात्रुटी आणि ३,७५,००० रुपये परत मिळण्याबाबत.

महोदय,

माझी मुलगी बारावीत आहे. अकरावी सुरू होताना आम्ही आपल्याकडे नाव नोंदवलं आणि दोन हप्त्यांत पूर्ण शुल्क भरलं. पावत्या सोबत जोडल्या आहेत. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत मार्कांबरोबर शाळेबाहेरचे उपक्रमही पाहतात, ते अर्जात कसे मांडायचे हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्यासाठी आम्ही आपल्याकडे आलो होतो. मांडायला तिच्याजवळ खूप काही होतं, म्हणूनच हे पत्र लिहिताना हात थरथरतो आहे.

नववीपासून ती जवळजवळ दर रविवारी बाबांबरोबर निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला पक्षी मोजायला जाते. महाराष्ट्रातलं हे पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा), २०२० साली जाहीर झालेलं. हिवाळ्यात पहाटे साडेचारला उठायचं, थर्मासमध्ये चहा, मांडीवर वही. धुक्यात थापट्या आणि तलवार बदक लांबून वेगळे ओळखायला तिला पहिला हिवाळा पुरला नाही. वारकरी पक्ष्यांचे थवे दहा-दहाच्या गठ्ठ्याने कसे मोजायचे हे तिथल्या एका गाइडदादांनी तिला शिकवलं. घरी आली की आंघोळीआधी यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवायची. अशा ११० याद्या तिच्या नावावर आहेत.

दुसरं म्हणजे माझ्या सासूबाई. मी नोकरी करते, मुलीचे बाबा आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी असतात. आजींची साखर तपासणं, इन्सुलिन देणं, वहीत आकडा लिहिणं हे सकाळ-संध्याकाळ मुलगीच करते.

आपल्या समुपदेशक मॅडमनी पहिल्याच बैठकीत दोन्हींवर काट मारली. ‘पक्षी बघणं हा छंद झाला, त्यात इम्पॅक्ट दिसत नाही’ आणि ‘घरकाम कोणी लिहीत नाही’, हे त्यांचे शब्द माझ्या वहीत तारखेसह आहेत. मुलीला अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाला जीवशास्त्रासाठी अर्ज करायचा होता. ईबर्ड चालवते ती कॉर्नेलचीच पक्षिशास्त्र प्रयोगशाळा. इतके पैसे घेणाऱ्या सल्लागाराला हे माहीत असू नये? आणि कॉमन अ‍ॅपच्या (अनेक विद्यापीठांसाठीच्या सामाईक ऑनलाइन अर्जाच्या) उपक्रमांच्या यादीत ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ असा पर्याय छापलेलाच आहे. घर सांभाळणाऱ्या मुलांच्या कामालाही महत्त्व द्यावं, असं हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातल्या प्रकल्पाने २०१६ च्या अहवालात सांगितलं आहे. हे मी रात्री जागून वाचलं. खरं तर ते आम्हाला आपण सांगायला हवं होतं.

त्याऐवजी २३ ऑगस्टला आपली गाडी मुलीला निफाडच्या वाटेवरच्या एका शाळेत घेऊन गेली. संस्थेचं नाव आपण ठरवलेलं, बॅनर आपण छापलेला, आपल्या ऑफिसातले दोन टॅबलेट. सव्वीस मुली बाकांवर बसवल्या. मुलीने त्यांना टॅबलेटवर नकाशा कसा उघडायचा ते दाखवलं, सगळ्यांचे फोटो झाले आणि दोन तासांत बॅनर गुंडाळून गाडी परत. निघताना एका मुलीने विचारलं, ‘ताई, पुढच्या शनिवारी किती वाजता?’ माझ्या लेकीने ‘दहा वाजता’ असं सांगून टाकलं. नंतर तिने टॅबलेट मागितले तेव्हा ऑफिसातून उत्तर आलं, ‘आता गरज नाही, फोटो झालेत.’ नांदूर मध्यमेश्वरचा रस्ता त्याच शाळेवरून जातो. तिथून जाताना ती आता खाली मान घालून बसते. पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं आहे.

२८ डिसेंबरच्या रात्री तिने अर्जाची पीडीएफ उघडली. पहिल्याच रकान्यात लिहिलं होतं : संस्थापक-अध्यक्ष, ४०० ग्रामीण मुलींना डिजिटल साक्षरता, आठवड्याला १० तास, वर्षाला ४० आठवडे. पक्षी नाहीत, आजी नाही. एका उपक्रमाच्या वर्णनाला तिथे १५० अक्षरं मिळतात, त्यात एकही अक्षर खरं नव्हतं. दहा उपक्रमांची जागा असते म्हणून दहाही भरलेले, त्यातले सहा तिने ऐकलेलेसुद्धा नव्हते.

मी फोन केला तेव्हा ‘सगळेच असं करतात, कोणी तपासत नाही’ असं उत्तर मिळालं. अर्ज पाठवण्याआधी ही माहिती माझी स्वतःची आणि खरी आहे असं विद्यार्थ्याला लिहून द्यावं लागतं. त्याखाली सही आपल्या मॅडमची नसते, माझ्या सतरा वर्षांच्या मुलीची असते. माहिती खोटी निघाली तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो. २०१९ साली अमेरिकेत जो प्रवेश घोटाळा उघडकीला आला, त्यात मुलांना खोटे खेळाडू दाखवण्यासाठी बनावट फोटो वापरले होते. सल्लागाराला तुरुंगवास झाला, कित्येक पालकांनाही झाला. तेव्हा कोणी तपासत नाही, हे कृपया दुसऱ्या पालकांना सांगू नका.

पुढचे चार दिवस आम्ही तिघांनी बसून अर्ज नव्याने भरला. दहाच्या जागी चारच उपक्रम भरले. पहिला पक्षीगणनेचा, दुसरा आजींचा. निबंधही तिने पुन्हा लिहिला, कारण आपल्याकडून आलेल्या निबंधात तिचा आवाज कुठेच नव्हता. मुदत संपायला काही तास असताना अर्ज गेला. मार्चअखेर निकाल काहीही लागो, या पत्रातल्या मागण्या बदलणार नाहीत.

भरलेलं पूर्ण शुल्क ३० दिवसांत परत करावं. मुलीचे आणि त्या सव्वीस मुलींचे फोटो आपल्या वेबसाइटवरून व जाहिरातींतून तातडीने काढावेत. त्या मुलींच्या घरच्यांना तर कोणी विचारलंही नव्हतं. तिच्या नावाने आपण आणखी कुठे काही भरलं असेल तर त्याची लेखी यादी द्यावी आणि तिच्या अर्जाच्या खात्याचा पासवर्ड आपल्या नोंदींतून काढून टाकल्याचं लिहून कळवावं. आणि माझ्या मुलीने कबूल केल्याप्रमाणे टॅबलेट घेऊन त्या शाळेत शिकवायला कोणीतरी पाठवावं, निदान एक सत्र तरी. मुलगी स्वतः सोबत यायला तयार आहे, फोटोग्राफर मात्र नको.

मुदतीत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवात्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथेबद्दल नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन. बैठकींच्या नोंदी, आपले व्हॉट्सअ‍ॅप संदेश आणि अर्जाचे दोन्ही मसुदे तारखांसह माझ्याजवळ आहेत.

कळावे,

आपली ग्राहक व एका विद्यार्थिनीची आई
(नाव व पत्ता सोबतच्या पावतीप्रमाणे)

सोबत : पावत्या २, कराराची प्रत, अर्जाचे दोन मसुदे