पंचवीस गुणांची विहीर

संपादक महोदय,

विद्यापीठांत शाश्वत विकासाचे नवे अभ्यासक्रम येत असल्याचे आपल्या अंकात वाचले. चांगलेच आहे. मात्र पर्यावरणाच्या जुन्या अभ्यासक्रमाचे काय झाले, हे मी रोज पाहतो. एका महाविद्यालयाच्या फाटकासमोर माझे झेरॉक्सचे दुकान आहे.

पर्यावरण हा विषय सक्तीचा करा, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सांगितले. 2003 मध्ये पुन्हा दटावावे लागले, तेव्हा कुठे पदवीला सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आला. 50 तासिका, त्यांतल्या 5 प्रत्यक्ष पाहणीच्या. 100 पैकी 25 गुण त्या पाहणीला असत. ते 25 गुण माझ्या दुकानात मिळत. नदी प्रदूषण, घनकचरा, सौरऊर्जा, सगळ्या अहवालांच्या फायली तयार. नाव आणि हजेरी क्रमांक बदलायचा, स्पायरल मारायचे. नदीच्या फायलीतला फोटो कुठल्या नदीचा, देव जाणे. कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम इथून चालत जाण्याइतका जवळ, तरी तो फोटो कृष्णेचा नक्की नव्हता! पैसे मी कमावले, त्यामुळे सगळे खापर प्राध्यापकांवर फोडत नाही. दोनशे फायली एकट्याने तपासायच्या म्हटल्यावर कोण काय वाचणार?

एकदा खटावकडची एक मुलगी हाताने लिहिलेली वही घेऊन आली. सुंभाला दगड बांधून तिने गावातल्या नऊ विहिरींचे पाणी मोजले होते: दिवाळीनंतर, संक्रांतीला आणि पाडव्याला. कुठली विहीर कधी तळाला गेली, कुणी शेजारी बोअर मारले, सगळे टिपलेले. 'नमुन्याप्रमाणे करून आणा' म्हणून वही परत आली होती. मी तिला सौरऊर्जेची फाइल दिली.

भूजल सर्वेक्षण यंत्रणा वर्षातून चारदा निरीक्षण विहिरी मोजते, पण तशी विहीर प्रत्येक गावात नाही. विद्यार्थी मात्र बहुतेक गावांतून येतात. दोरी, टेप आणि मोबाइल एवढे त्यांना पुरेल. मुंबई आयआयटीत ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान शोधणारे 'सितारा' केंद्र 1985 मध्ये सुरू झाले, तिथे असेच काम चालते. तिथली मुले गावात जाऊन नळयोजना का बंद पडली, याचा छडा लावतात. महाविद्यालयांना आपापल्या जिल्ह्याच्या प्रश्नांशी जोडण्यासाठी राज्याने 2016 मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियानही आणले. म्हणजे वाट आहे. विद्यापीठाने एवढेच करावे: पाहणीच्या नोंदी फायलीत न घेता एका ठिकाणी भरून घ्याव्यात, गावाच्या नावाने, आणि पुढच्या वर्षीच्या मुलाने त्याच विहिरीवर जावे. नव्या पदविका सावकाश काढा.

त्या मुलीने वही परत नेली नाही. ती अजून माझ्या गल्ल्याखाली आहे. विद्यापीठातल्या कुणाला हवी असेल, तर झेरॉक्स फुकट काढून देईन.

– एक झेरॉक्सवाला, कराड