अण्णांच्या आईचे कागद मिळाले

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातून पणजीचे कागद मिळाले. अर्जावर सही केल्यापासून तुम्ही एकदाही विषय काढला नाहीत, म्हणून फोनवर न बोलता लिहितेय. जेवण झाल्यावर, आई शेजारी असताना वाचा.

घरात सांगतात तशी पणजी बाळंतपणात गेली नव्हती. १९३४ साली अण्णा बारा दिवसांचे असताना तिला तिथे ठेवलं. ती गेली १९४१ मध्ये, हगवणीने. आजाराच्या कारणापुढे 'बाळंतपण' एवढंच लिहिलंय. झोप नाही, रात्रभर गाते, मूल आपलं नव्हे म्हणते. पुढे नुसती महिन्याच्या महिन्याला वजनं. आणि १९३७ च्या एका नोंदीत: शांत आहे, वाती वळते, मुलगा चालायला लागला का विचारते. अण्णा तेव्हा तीन वर्षांचे होते, बाबा. मला पुढचं पान उलटवेना.

तुमच्या आजोबांवर रागावू नका. अर्जावर सही त्यांचीच आहे, पण १९१२ च्या कायद्याने नवऱ्याचा नाहीतर नातेवाइकाचा अर्ज, दोन डॉक्टरांचे दाखले आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागायचाच. बाळंतपणानंतरच्या या मानसिक आजारावरची औषधं १९५० नंतरची. भेटीच्या रकान्यात त्यांचं नाव शेवटपर्यंत आहे, लावणी उरकली की आणि कापणी उरकली की. अण्णांना वाढवणाऱ्या माईंनाही ठाऊक असणार. सवाष्ण गेलेल्या बाईची अविधवा नवमी घरात अण्णा शाळेत जायला लागल्यावर सुरू झाली, असं अण्णाच सांगायचे ना? म्हणजे ती खरी गेल्यावरच.

आता माझं. आई, रागावू नकोस. बाळंतपणाला मी माहेरी येत नाहीये, पुण्यातच नाव घातलंय. तुझ्या हातची खीर, शेगडी, तेलपाणी सोडून कुणाला इथे राहावंसं वाटेल? पण हा आजार आजही हजारात एक-दोन बाळंतिणींना होतो, बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांतच, आणि सुरुवात बहुतेकदा झोप उडण्यापासून होते. वेळेत ओळखला तर बहुतेकदा पूर्ण बरा होतो. डॉक्टरांना मी पणजीचं सगळं सांगितलंय. नातं लांबचं आहे, घाबरायचं कारण नाही म्हणाल्या, पण मानसोपचारतज्ज्ञ त्याच दवाखान्यात असलेले बरे. श्रावणात आपल्याकडून रत्नागिरी गाठायची म्हणजे रस्त्याचा काय भरवसा?

म्हणून तुम्हीच या. मागची खोली तुमची, कमोड आहे, लिफ्ट आहे, दूध सकाळी सहाला दारात येतं. बाबांना खळ्यात बसल्यासारखं नाही वाटणार, पण गॅलरीत ऊन येतं. आई, मला अजून ताप आला की तुझ्या पदराचा वास लागतो. तू उशाशी असलीस की मला झोप लागेल, आणि झोपच तर महत्त्वाची आहे.

वाडीची काळजी नको, गुरांचं काकांशी बोलून झालंय. आषाढ लागायच्या आत निघा. एसटीने नाही, गाडी पाठवतेय. बाबा, बीपीची गोळी रोज, बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही. आई, मोतीबिंदूचे कागद पिशवीत घे, ते इथेच उरकू. फणस-बिणस बांधत बसू नकोस.

आणि बाबा, यंदाची अविधवा नवमी इथे करू. पणजीचं नाव घेऊन करा. कागदांवर ते स्वच्छ लिहिलंय, तुम्ही आलात की दाखवते.

तुमची,
छकुली