सभासदांसाठी सूचना : पावसाळ्यात व्हार्निश नको

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरच्या शाहू स्मारकला प्रदर्शनासाठी चित्रं लावायची वेळ जवळ आली की घाईत व्हार्निश (चित्रावरचा पारदर्शक संरक्षक थर) मारलं जातं. कृपया तसं करू नका. तैलरंग वरून सुकलेला दिसला तरी आतून ओला असतो. पातळ थरांना साधारण ६ महिने, पेंटिंग नाइफने (रंग लावायच्या बोथट सुरीने) चढवलेल्या जाड रंगाला वर्षही लागतं. शंका असेल तर कोपऱ्यात टर्पेंटाइनचा किंचित ओला बोळा हलकेच फिरवा. कापसाला रंग लागला तर थांबा. प्रदर्शनापुरता रिटच व्हार्निशचा (पातळ, तात्पुरत्या व्हार्निशचा) हलका हात पुरे.

आणि आत्ता, या पावसात तर नकोच! आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत व्हार्निशवर दुधाळ झाक धरते, गडद रंगांची सगळी खोली जाते. इतक्या मेहनतीच्या चित्राचं असं झालेलं बघवत नाही. दसऱ्यानंतरचा कोरडा दिवस निवडा.

खोली आदल्या दिवशी झाडून घ्या. पंखा बंद, खिडकी उघडी, गॅसची शेगडी लांब. चित्र आडवं ठेवून रुंद, मऊ ब्रशने पातळ हात द्या. चिकटू लागलेल्या भागावर ब्रश परत नेऊ नका, तिथेच ओरखडे उमटतात. दुसरा हात २४ तासांनी.

डामर (झाडाच्या राळेपासून केलेलं व्हार्निश) पुढे पिवळं पडतं, त्यामुळे आकाश-पाण्याच्या निसर्गचित्रांना सिंथेटिक व्हार्निशच घ्या.