डोळ्याला मार लागला, तर पुढच्या पाच दिवसांचं सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रंगपंचमी होऊन सात आठवडे झाले. रहाडींचे, म्हणजे रंगाच्या हौदांचे, फोटो सगळ्यांनी पाहिले. त्याच दुपारी आमच्या गल्लीत एका गच्चीवरून पाण्याने भरलेला फुगा आला आणि माझ्या धाकट्याच्या डाव्या डोळ्यावर बसला. तो अकरा वर्षांचा आहे. फेकणारं पोर त्याच्याच वर्गातलं, त्याच्यावर माझा राग नाही. मला लिहायचं आहे ते त्यानंतरच्या पाच दिवसांबद्दल.

मी पेठ रोडला राहते, घरी शिवणकाम करते. ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. संध्याकाळी मुलाला समोर बसवून पाहिलं तेव्हा बुबुळाच्या खालच्या कडेला लाल रेघ दिसली, चहाच्या तळाशी गाळ बसतो तशी. झोपला की रेघ पसरायची, बसला की खाली यायची. शेजारच्या काकू म्हणाल्या, दुधाची घडी ठेव, उतरेल. मी घडी ठेवली नाही, जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथे डोळ्यात टाकायचे थेंब दिले, दुखण्यावर आयबुप्रोफेनची गोळी दिली आणि आठ दिवसांनी या म्हणून सांगितलं. डोळ्यातला दाब कोणी मोजला नाही. पुन्हा रक्त येऊ शकतं, हे कोणी बोललं नाही.

दोन दिवसांत रेघ बारीक झाली. तिसऱ्या दिवशी तो गल्लीत बॅट घेऊन उतरला आणि मीही अडवलं नाही. चौथ्या दिवशी पहाटे त्याला उलटी झाली, डोकं धरून बसला. दिवा लावून पाहिलं तर अर्धा डोळा रक्ताने भरलेला.

मग डोळ्यांच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दाब मोजला, ३६ निघाला. साधारण २१ च्या आत असावा लागतो. पहिल्यांदा सांडलेल्या रक्तापेक्षा हे दुसरं रक्त जास्त धोक्याचं, असं त्या म्हणाल्या. ते बहुधा दोन ते पाच दिवसांत येतं आणि पहिल्यापेक्षा जास्तही येऊ शकतं. डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याची बारीक चाळणी रक्ताने तुंबते, दाब चढतो, मागची नस दबते. दाब बरेच दिवस चढलेला राहिला तर समोरच्या पारदर्शक पडद्यावर रक्ताचा डागही धरतो.

त्यांनी दाबाचे थेंब दिले, बाहुली मोठी ठेवणारे ॲट्रोपिनचे थेंब दिले, सूज कमी करणारे स्टेरॉइडचे दिले. डोळ्यावर छिद्रांची कडक पट्टी लावली. उशा रचून, डोकं उंच ठेवून झोपवा म्हणाल्या. आयबुप्रोफेन बंद करून त्याजागी पॅरासिटामॉल दिलं, कारण त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांनी रक्त गोठण्याला अडथळा येऊ शकतो. शिवाय एक गोळी लिहून दिली, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड.

नाव वाचून मी दचकले. पाळीत अंगावरून फार जायचं तेव्हा मी हीच गोळी घ्यायचे. बायकांची गोळी मुलाच्या डोळ्याला कशी, असं मी विचारलंच. डॉक्टरांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. फुटलेल्या बारीक रक्तवाहिनीच्या तोंडावर शरीर रक्ताच्या गुठळीचा कच्चा टाका घालतं. पक्की शिलाई व्हायला, म्हणजे वाहिनी खरी भरून यायला, वेळ लागतो. पण शरीरातच एक उसवणारा रस असतो, प्लाझमिन, तो गुठळीचे धागे विरघळवू लागतो. शिलाईआधीच टाका निघाला की वाहिनी पुन्हा उघडते. ही गोळी ते उसवणं लांबवते. म्हणून ती पाच दिवस द्यायची, दिवसातून तीन वेळा, मुलाचं वजन करून.

औषध नवं नाही. जपानमध्ये उताको ओकामोटो आणि शोसुके ओकामोटो या नवरा-बायकोंनी ते शोधलं, १९६२ साली त्याबद्दल प्रसिद्ध केलं. बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायकांसाठी काहीतरी सापडावं, ही त्यांची तळमळ होती. लेकीला पाठीशी बांधून उताकोबाई प्रयोगशाळेत काम करायच्या. माझ्या पुतणीने, ती डी. फार्मसी करते, हे मला वाचून दाखवलं तेव्हा मशीनवर हात थांबला माझा.

गोळी लिहिण्याआधी डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी विचारल्या. घरात कोणाच्या पायात वा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का, मुलाला मूत्रपिंडाचा त्रास आहे का. मग विचारलं, गाव कोणतं? आम्ही मूळचे सुरगाणा तालुक्यातले. ते ऐकल्यावर त्यांनी सिकलसेलची, म्हणजे आदिवासी भागात जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी करायला लावली. सिकलसेल असेल, अगदी नुसता वाहक असेल, तरी त्या रक्तपेशी डोळ्यातल्या पाण्यात विळ्यासारख्या वाकून चाळणीत अडकतात. रक्त थोडं असूनही दाब चढतो आणि मागची नस कमी दाबातही दुखावते. दाबाची काही औषधंही मग जपून वापरावी लागतात. आमचा रिपोर्ट नॉर्मल आला. पण सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या बाजूची किती मुलं शहरात शिकायला आहेत! सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ पासून चालू आहे, ज्यांच्याकडे त्या तपासणीचं कार्ड आहे त्यांनी डोळ्याच्या डॉक्टरांना ते आधी दाखवावं.

मग मी तो प्रश्न विचारला जो घशात अडकला होता. ही गोळी पहिल्याच दिवशी मिळाली असती तर?

त्यांनी मला खोटा दिलासा दिला नाही, पहिल्या दवाखान्याला शिव्याही दिल्या नाहीत. म्हणाल्या, यावर डॉक्टरांमध्ये दोन मतं आहेत. जगभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेनच्या आढाव्यातही असंच निघालं की या जातीच्या औषधांनी पुन्हा रक्त येण्याचं प्रमाण कमी होतं, पण शेवटी नजर किती राहते त्यात ठळक फरक दिसत नाही. उलट उसवणं लांबवल्यामुळे साचलेलं रक्त ओसरायला जास्त दिवस लागतात. याच जातीचं दुसरं औषध आहे, अमायनोकॅप्रोइक ॲसिड, त्याने मळमळ, उलट्या जास्त होतात. म्हणून काही डॉक्टर सरसकट देतात, काही धोका जास्त दिसला तरच, काही देत नाहीत. तुमच्या मुलाला एकदा रक्त पुन्हा आलंय, तिसऱ्यांदा येऊ नये म्हणून देतेय.

हे ऐकून माझा जीव निवला, असं म्हणणार नाही. पण कोणीतरी मला खरं सांगितलं, एवढं झालं. गोळी न देणाऱ्या डॉक्टरांविरुद्ध मी लिहीत नाही. माझं भांडण गोळीसाठी नाहीच. पहिल्या संध्याकाळी केसपेपरवर कोणी एक ओळ लिहिली असती, ‘पाच दिवस पुन्हा रक्त येण्याचा धोका, धूसर दिसलं, दुखलं, उलटी झाली तर त्याच दिवशी या’, तर माझं पोर तिसऱ्या दिवशी गल्लीत उतरलं नसतं. आठ दिवसांनी या म्हणण्याऐवजी उद्या या, परवा या असं सांगितलं असतं, तर मी शिवण बाजूला ठेवून रोज नेलं असतं.

ती ओळ लिहायला ना यंत्र लागतं ना पैसा. आपल्या वर्तमानपत्रातून शहरातल्या आणि तालुक्यांतल्या सगळ्या दवाखान्यांना, शाळांच्या क्रीडाशिक्षकांना माझी एवढीच विनंती पोहोचवा. विटी-दांडू असो, क्रिकेटचा चेंडू असो, स्कूटरवरच्या सामानाची इलॅस्टिकची दोरी सुटून लागो, डोळ्याला मुका मार बसला आणि आत रक्त दिसलं, की पालकांना पुढच्या पाच दिवसांचं सांगा.

आणि माझ्यासारख्या बायांना: ही गोळी घरात पडलेली असते. ती आपल्या मनाने मुलाला देऊ नका. परवा एकीने माझ्याकडे गोळी मागितली, मी दिली नाही, डॉक्टरांचा पत्ता दिला.

आता डावा डोळा ६/९ वाचतो, म्हणजे पूर्ण नजरेपेक्षा थोडं कमी. मागच्या आठवड्यात ती चाळणी असते तो डोळ्याच्या आतला कोन तपासला, एका बाजूला तो फाटलेला आहे. त्यामुळे काही वर्षांनी काचबिंदू येऊ शकतो, दर वर्षी दाब मोजावा लागेल. मुलाला अजून हे नीट कळलेलं नाही. पुढची तारीख जूनमध्ये आहे, नेमकी शाळा सुरू होतात त्या आठवड्यात, जेव्हा गणवेशांचे ढीग पडतात. त्या दिवसाचं काम मी आत्तापासूनच घेणं बंद केलं आहे.

आपली,
एक शिवणकाम करणारी आई
पेठ रोड, पंचवटी, नाशिक