मेस्त्रीकाका, तुम्ही आमचा रस्ताच उलटा केलात

प्रिय मेस्त्रीकाका,
स. न. वि. वि.

कोकण किनाऱ्याच्या मोटारसायकल प्रवासाचा आमचा बेत तुम्ही मुळापासून बदललात, त्याबद्दल आम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

मुंबईहून बहुतेक जण किनाऱ्याने खाली उतरत जातात. तुम्ही म्हणालात, आधी ६६ नंबरच्या महामार्गाने मालवण गाठा आणि किनारा धरून वर या. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो, त्यामुळे उत्तरेकडे येताना समुद्र आपल्याच बाजूला राहतो. आरे-वारेच्या चढावर किंवा काशीदला थांबायचं तर समोरून येणाऱ्या गाड्यांमधून आडवं घुसावं लागत नाही. वळणाच्या रस्त्यावर हे किती मोलाचं आहे!

मग फेरीबोटीने ओलांडायच्या खाड्या. जयगड–तवसाळ, धोपावे–दाभोळ, वेसवी–बागमांडला, दिघी–आगरदांडा. दिवसाला दोनपेक्षा जास्त खाड्या आणि १३० किलोमीटरच्या वर अंतर धरायचं नाही, शेवटच्या फेरीबोटीच्या भरवशावर तर मुळीच राहायचं नाही. धोपाव्याला बोट चुकली तर थेट चिपळूणवरून वळसा. ओहोटीला धक्क्याचा शेवाळलेला भाग उघडा पडतो. तिथे पुढचा ब्रेक दाबला की चाक निसटलंच. मागे बसलेल्याला उतरवायचं, पहिला गिअर, मागचा ब्रेक. बोटीत इंजिन बंद करूनही गिअर पहिलाच ठेवायचा.

खरे उपकार चेनचे. खारी हवा आणि तांबडी धूळ मिळून तिची कानस होते, हे तुम्ही बोटावर काळपट चिखल घेऊन दाखवलंत. चाक फिरवून चेन सगळ्यात ताठ जिथे लागते तिथेच ढील मोजायचा: बऱ्याच गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत. मग सामान लादून, माणूस बसवून पुन्हा बघायचं. वजनाने मागचं चाक वर सरकतं, चेन आणखी ताणते. तेव्हाही थोडा ढील उरला नाही तर बेअरिंग आणि स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) दोन्ही जातात. ९० नंबरचं गिअर ऑइल चेनला संध्याकाळी, चेन कोमट असताना, आतल्या बाजूने. रात्रभर मुरतं. सकाळी निघताना घातलेलं मागच्या टायरवर उडतं, आणि पुढच्या वळणावर ते भोवतं.

पुळणीवर गाडी न्यायची नाही. मुक्कामी गोड्या पाण्याने, बादली आणि मगाने धुवायची. प्रेशर पंपाची धार चाकाच्या बेअरिंगवर नको. मऊ जागी साइड स्टँडखाली चपटा दगड. तुम्ही दिलेला तो दगड टूलकिटमध्येच ठेवला आहे.

पावसाळा सरला की चेन-स्प्रॉकेटचे नवे संच घेऊन गॅरेजवर येतो. बसवायचे तुमच्याच हातून.

लोभ असावा, ही विनंती.

आपले,
किनाऱ्याचे मोटारसायकलवाले