तात्यांच्या पीपीओवरचं नाव : माजी सैनिक कल्याण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
माजी सैनिक कल्याण, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

माझे वडील, आमचे तात्या, २०२३ च्या मार्गशीर्षात गेले. वय ७९. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या पट्ट्यात घरटी एक फौजी असतोच, फौजींचं गाव म्हणून ओळखलं जाणारं अपशिंगे मिलिटरी काही आमच्यापासून लांब नाही. तात्यांना पोचवायला आसपासच्या गावांतले पेन्शनर मेडलं लावून आले होते. गुडघे धरलेली ती म्हातारी माणसं सावधानमध्ये ताठ उभी राहिली, तेव्हा आईला पहिल्यांदा रडू फुटलं.

१९६२ साली चीनच्या लढाईच्या बातम्या गावात येत होत्या, त्या दिवसांत तात्या बेळगावला जाऊन भरती झाले. पहिली मराठा, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची जंगी पलटण. लग्न १९६७ चं, वीस दिवसांच्या सुट्टीतलं. १९७१ च्या डिसेंबरात पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसली होती. जमालपूरच्या लष्करी ठाण्यातल्या पाकिस्तानी बलुच पलटणीच्या कर्नलला शरण येण्याचं पत्र गेलं, तर त्यानं उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. १० तारखेच्या रात्री ती पलटण फळी फोडून निघायला आली, ती थेट मराठ्यांच्या मोर्चावर. सकाळी जमालपूर पडलं. त्याच संध्याकाळी पुंगलीच्या पुलाकडे छत्रीधारी २ पॅराशी गाठ पडली. ही २ पॅरा म्हणजे मूळची तिसरी मराठाच. “पुलावर आपलीच माणसं भेटली,” एवढंच तात्या सांगायचे. त्या आदल्या रात्रीबद्दल विचारलं की उठून गोठ्यात जायचे.

माझा थोरला भाऊ त्या नोव्हेंबरच्या अखेरीस जन्मला. आईनं शेजारच्या मास्तरांकडून ‘मार्फत ९९ एपीओ’ हा फौजी टपालाचा पत्ता लिहून आंतरदेशीय पत्र टाकलं, ते तात्यांच्या हातात पडलं जानेवारीत. ते पत्र शेवटपर्यंत त्यांच्या काळ्या पत्र्याच्या पेटीत होतं, डिस्चार्ज बुकाच्या आत.

सतरा वर्षं नोकरी करून १९७९ मध्ये हवालदार म्हणून घरी आले, आणि मग चव्वेचाळीस वर्षं त्यांनी घर केलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. आईचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा तीन महिने भाकऱ्या त्यांनी थापल्या. पहिल्या आठवड्यात जाड, नंतर आईपेक्षा पातळ. बँकेत गार्ड असताना रात्रपाळी उरकून सायकलवर मला दहावीच्या परीक्षेला सोडायचे आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर उभे राहायचे. गावातल्या पोरांना पहाटे पळायला न्यायचे. त्यांतली सात पोरं आज फौजेत आहेत.

आता ज्यासाठी लिहिते आहे ते. लग्नात आईचं नाव बदललं, जसं आपल्याकडे बदलतात. पलटणीच्या कारकुनानं मात्र कागदावर माहेरचं नाव चढवलं, तेच पुढे पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर आलं. आधार, बँक, रेशनकार्ड सगळीकडे सासरचं नाव. हे तात्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते सत्तरीच्या पुढे होते. प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रात नाव छापून आणलं, ग्रामपंचायतीचा दाखला जोडला. दर वेळी एखादा कागद कमी पडायचा. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला दिला की ते पुन्हा पिशवी उघडायचे. “माझ्या माघारी हिला हेलपाटे नकोत,” हे वाक्य मी पाच वर्षं ऐकलं. एकदा एका टेबलावर त्यांना विचारलं, या दोन्ही बायका एकच कशावरून? तेव्हा इस्त्रीचा शर्ट घातलेले माझे वडील काही न बोलता बाहेर आले आणि पायरीवर बसले. जमालपूरचा माणूस मी असा बसलेला त्याआधी कधी पाहिला नव्हता.

दुरुस्ती त्यांच्या हयातीत झाली नाही. आईला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं ते अकरा महिन्यांनी, थकबाकीसह. आमचं काम झालंय, त्यामुळे आमच्या घरासाठी काही मागायचं नाही.

पेन्शन केंद्राचा विषय आहे, हे मला माहीत आहे. पण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं आपल्या खात्याची, आणि त्यांतले कल्याण संघटक तालुक्यांत फिरतात. त्यांना पंचाहत्तरीच्या पुढच्या प्रत्येक माजी सैनिकाच्या दारात पाठवा. पीपीओ आणि आधार शेजारी ठेवून पत्नीचं नाव, जन्मतारीख जुळवून पाहायची. फरक असेल तर तिथंच ओसरीवर अर्ज भरायचा, त्याची सही असताना. तो गेल्यावर त्या बाईला ‘मी तीच’ हे सिद्ध करायला लावू नका. १९७१ ला विशी-पंचविशीत असलेली पोरं आज पंचाहत्तर-ऐंशीची आहेत. विजय दिवसाला शाल-श्रीफळ देता, ते जरूर द्या. पण त्याच दिवशी त्यांची पेटी उघडून कागदही बघा.

आमच्या वाडीत अजून चौघे आहेत. परवा मी त्यांचे पीपीओ पाहून आले. दोघांच्या बायकांची नावं माहेरचीच आहेत. एकाला आता दिसत नाही, त्याचा अर्ज मी भरायला घेतलाय. दुसऱ्याच्या घरी आपला माणूस कधी येईल, तेवढं कळवा.

आपली,
तात्यांची धाकटी मुलगी