सदा, दाढ आणि तुझं घोरणं

कोल्हापूर,
१२ जुलै

प्रिय सदा,

परवा फोनवर तू "बघू" म्हणालास आणि फोन ठेवलास. तुझं "बघू" मी शाळेपासून ओळखतो. म्हणून पत्र लिहितोय. फोन मधेच तोडता येतो, पत्राला मधे बोलता येत नाही.

वहिनींनी सगळं सांगितलंय. उजवीकडची खालची दाढ, दोन महिने डाव्या बाजूनं जेवण, लवंगेचं तेल, रात्री पेनकिलर, आणि गाल सुजला तेव्हा मेडिकलवाल्याकडनं परस्पर आणलेलं अँटिबायोटिक. सूज उतरली म्हणून तू खूश. लेका, सूज उतरली पण दाढ आहे तिथंच आहे. मुळाशी जे कुजलंय ते गोळीनं निघत नाही, चार दिवस दबून बसतं. परत गाल सुजला आणि तोंड उघडेना, गिळताना त्रास व्हायला लागला किंवा ताप भरला, तर हे पत्र ठेव बाजूला आणि रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठ. एवढं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं तुझी टिंगल करायला मी मोकळा.

तालमीत कान मोडून घेतलेला गडी तू. खासबागेत खांदा निखळला तेव्हा दात ओठ खाऊन उभा राहिलास, आणि आता त्याच दातांसाठी बोटभर सुईला भितोस! पण हसायचा अधिकार मला नाही, हेही खरं. माझं सातवीतलं तुला आठवत असेल. दाढ सुजली होती, दादांनी नेलं, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि जरा वेळानं पक्कड लावली. मी ओरडलो, "दुखतंय." कंपाउंडरनं खांदे दाबून धरले. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन दिलंय, दुखायचा प्रश्नच नाही, पोरगं नाटक करतंय. दादांनी तिथंच एक ठेवून दिली. त्या डॉक्टरांचं नाव घेत नाही, ते आता हयात नाहीत. पण त्या दिवसानंतर एकतीस वर्षं मी दाताच्या दवाखान्याची पायरी चढलो नाही. राजारामपुरीत कामाला जायचो तेव्हा दाताचा बोर्ड दिसला की गल्ली बदलायचो.

आता ऐक, कारण हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. सुजलेल्या, पू झालेल्या जागी आम्लता वाढते. बधिर करायचं औषध अशा जागी मज्जातंतूच्या आत नीट शिरतच नाही. म्हणजे सुई टोचली तरी दाढ नीट बधिर होत नाही. हे हल्लीच्या आमच्या डॉक्टर मॅडमनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. मी म्हटलं, मॅडम, म्हणजे मी तेव्हा नाटक करत नव्हतो? त्या म्हणाल्या, अजिबात नाही. सदा, त्या खुर्चीत बसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि अजून एकही हत्यार तोंडात गेलं नव्हतं. अशा वेळी आधी संसर्ग आटोक्यात आणतात, किंवा सुई सुजेपासून लांब, जबड्यात मागं जिथं मुख्य नस आत शिरते तिथं देतात, आणि मग घाई न करता थांबतात. ओठाचा अर्धा भाग परका वाटायला लागल्यावरच हात लावतात.

आणखी एक. सुईनंतर छातीत धडधडलं की तू म्हणशील हार्ट अटॅक आला. भुलीच्या औषधात बहुतेक वेळा थोडं ॲड्रेनलिन घालतात, त्यानं तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध जास्त वेळ टिकतं. थोडी धडधड त्याचीच असते, आणि मिनिटा-दोन मिनिटांत जाते. तुझी रक्तदाबाची गोळी चालू आहे, ते मात्र आधी सांगायचं.

पहिल्या दिवशी मॅडमनी काहीच केलं नाही. नुसतं बसवलं. खुर्ची मागं-पुढं करून दाखवली, ती घरघर करणारी मशीन माझ्या नखावर फिरवून दाखवली आणि म्हणाल्या, डावा हात वर केलात की मी थांबणार, कारण विचारणार नाही. मी त्या दिवशी तीनदा हात वर केला, नुसता तपासायला. तिन्ही वेळा थांबल्या. निम्मी भीती तिथंच उतरली, आणि उरलेल्या निम्मीसाठी पुढच्या खेपेला गॅस दिला.

हा गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साईड, लोक त्याला हसवणारा वायू म्हणतात. त्याची गोष्ट लय भारी आहे. इंग्लंडात हम्फ्री डेव्ही नावाच्या माणसाची अक्कलदाढ येत होती, हिरडी सुजलेली. हा गॅस हुंगून बघायचा त्याला नाद होता आणि चार-पाच श्वासांत दुखणं कमी होतंय, हे त्याच्या ध्यानात आलं. १८०० साली त्यानं पुस्तकात लिहूनही ठेवलं की शस्त्रक्रियेत हा गॅस उपयोगी पडेल. कुणी लक्ष दिलं नाही! चाळीसेक वर्षं लोक जत्रेत हुंगून नुसते हसत बसले. मग अमेरिकेत हॉरेस वेल्स नावाच्या दंतवैद्यानं डिसेंबर १८४४ मध्ये असाच एक खेळ बघितला. गॅस घेतलेल्या माणसाचा पाय ठेचकाळून रक्त आलं तरी त्याला पत्ता नव्हता. दुसऱ्याच दिवशी वेल्सनं गॅस घेऊन स्वतःचीच दाढ काढून घेतली. पुढं बोस्टनला डॉक्टरांसमोर प्रयोग करायला गेला, तर गॅस पुरा चढायच्या आत पिशवी बाजूला झाली आणि पेशंट ओरडला. जमलेल्यांनी त्याला फसवा ठरवलं. बिचाऱ्याचा शेवट वाईट झाला, १८४८ साली तुरुंगात त्यानं जीव दिला. अमेरिकेच्या दंतवैद्यांच्या संघटनेनं त्याला मान दिला तो १८६४ साली. वाचून मला सातवीतला मी आठवलो. एक ओरडला की दोष ओरडणाऱ्याचा नाहीतर उपचार करणाऱ्याचा, भूल पुरी चढली होती का हे कुणी विचारत नाही.

तर गॅस कसा असतो ते सांगतो. नाकावर रबरी मास्क बसवतात, तोंड मोकळं. आधी नुसता ऑक्सिजन, मग हळूहळू गॅस वाढवत नेतात. मशीनच अशी असते की ऑक्सिजन तीस टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही. आपण एरवी श्वास घेतो त्या हवेत एकवीस टक्के असतो, म्हणजे ऑक्सिजन कमी पडायची भीती घालवून टाक. दोन-तीन मिनिटांत बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, अंग जड आणि ऊबदार झालं. रंकाळ्याच्या कठड्यावर संध्याकाळी बसल्यासारखं वाटलं. मॅडमचा आवाज ऐकू येत होता पण पलीकडच्या खोलीतनं आल्यासारखा. झोप नाही हं. मी जागा होतो, विचारलं ते सांगत होतो, फक्त कशाचंच काही वाटत नव्हतं. सुई टोचल्याचं कळलं, पण ती दुसऱ्या कुणाला तरी टोचतायत असं वाटलं. हे नीट लक्षात ठेव: गॅसनं सुई चुकत नाही, सुईची धास्ती चुकते. काम संपल्यावर पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला आणि मी चालत बाहेर. नाक चोंदलेलं असेल तर मात्र काही उपयोग नाही, कारण सगळा कारभार नाकावाटे. तेव्हा सर्दी घेऊन येऊ नकोस.

रूट कॅनल, म्हणजे दाढेच्या आतलं कुजलेलं काढून ती भरायचं काम, असं तीन खेपांत झालं. अक्कलदाढेला मात्र गॅसनं भागणार नव्हतं, ती हाडात आडवी झोपलेली होती. तेव्हा सलाईनमधनं गुंगी दिली. त्याला वेगळे भूलतज्ज्ञ आले. दाढेला हात लावायच्या आधी त्यांनी माझी जी उलटतपासणी घेतली तशी पोलिसही घेत नसतील. शेवटचं काय खाल्लं, कुठल्या गोळ्या चालू, दारू किती, खरं सांगा किती, आधी कधी भूल घेतलीय, घोरता का. सहा तास अन्न बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. मग हाताला सुई लावली आणि मिडाझोलम नावाचं गुंगीचं औषध थोडं थोडं सोडत गेले, माझ्याकडं बघत बघत. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, नाकात ऑक्सिजनची नळी. औषध जास्त झालंच तर त्यावर उताराही असतो, फ्लुमॅझेनिल, तो टेबलावर भरून ठेवलेला मी बघितला. त्यानंतरचं मला काहीही आठवत नाही. मला वाटलं पाच मिनिटं झाली. तुझी वहिनी म्हणते पाऊण तास झाला, आणि सगळा वेळ मी "तोंड उघडा", "मान वळवा" हे शहाण्यासारखं ऐकत होतो. गुंगी म्हणजे बेशुद्धी नव्हे. माणूस हाकेला ओ देतो, फक्त आठवण साठत नाही. घरी येताना गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर मी रिक्षा थांबवायला लावली म्हणे, आणि म्हशीच्या मालकाशी दर काढत होतो. तोंडात कापसाचा बोळा असताना! मला याचा पत्ताही नाही. म्हणूनच त्या दिवशी सोबत माणूस लागतो, आणि चोवीस तास गाडी चालवायची नाही, कुठल्या कागदावर सही करायची नाही.

आता तुझ्याकडं येतो. तू वहिनींना म्हणालास, "मला पूर्ण झोपवूनच काढा." पूर्ण भूल म्हणजे ऑपरेशन थिएटर, दवाखान्यात भरती. खूप दाढा किडलेली लहान पोरं, ज्यांना खुर्चीत शांत बसणंच शक्य नाही अशी माणसं, मोठं जबड्याचं काम, अशांसाठी ती ठीक. तुझ्या एका दाढेला तेवढा लवाजमा कशाला? आणि तुझा दुसरा बेत ऐकून तर मी कपाळाला हात लावला. म्हणे मेहुण्याची झोपेची गोळी घ्यायची, वर एक पेग मारायचा आणि जायचं. सदा, या दोन्ही गोष्टी श्वास मंद करतात, एकत्र आल्या की आणखीच. गोळीची गुंगी डॉक्टरही देतात, तासभर आधी घ्यायची असते, चांगलीही असते. पण गिळलेली गोळी परत काढता येत नाही, सलाईनसारखं थेंबाथेंबानं बघत देता येत नाही. एकाच गोळीनं एक जण नुसता निवांत होतो आणि दुसरा गाढ झोपतो. म्हणून ती कुणाची आणि किती, हे मेहुण्यानं ठरवायचं नसतं.

मुख्य मुद्दा तुझं घोरणं. हसू नकोस. पन्हाळ्याच्या त्या रात्री तू घोरता घोरता मधेच गप्प व्हायचास. मी उठून बसायचो, मनात मोजायचो, आणि मग तू एकदम हिसका देऊन परत सुरू. तेव्हा आम्ही सगळे हसलो. आता कळतंय की झोपेत तुझा घसा मिटतोय. गुंगीच्या औषधानं घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. अशा माणसाला सलाईनची गुंगी देण्याआधी भूलतज्ज्ञ दहादा विचार करतात, कधी झोपेची तपासणीही करून घेतात. तुझ्यासाठी कदाचित गॅसच बरा पडेल, पण ते तू आणि मी ठरवायचं नाही. आपण फक्त खरं सांगायचं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही सांग, आणि स्वतःच्या मनानं बंद करू नकोस.

आणि विचारायला लाजू नकोस. गुंगी कोण देणार, तो माणूस शेवटपर्यंत थांबणार का, ऑक्सिजन हाताशी आहे का, भूलतज्ज्ञाचे पैसे वेगळे किती. बैल घेताना दात मोजून घेतोस, मग स्वतःचे दात देताना चार प्रश्न विचारायला काय जातं?

पुढच्या शनिवारची वेळ मी तुझ्या नावानं घेऊन ठेवलीय. पहिल्या दिवशी नुसतं बसायचं आणि बोलायचं, कुणी हात लावणार नाही, शब्द देतो. वहिनींना घेऊन एसटीनं ये. आमच्याकडं उतरा. आल्या दिवशी मिसळ खाऊन घे, कारण दाढ निघाल्यावर काही दिवस तिखट-गरम बंद. तांबडा रस्सा नंतर, तोवर मटण मी उधारीवर ठेवतो.

तुझा,
बापू

ता. क. घोरण्याचं तू सांगितलं नाहीस तर मी सांगणार. पन्हाळ्याचं रेकॉर्डिंग अजून माझ्या मोबाईलमध्ये आहे.